खासगी पोस्ट, नोकरी आणि तुमची गोपनीयता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या माणसाला सोशल मीडियाबद्दल जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची ही उत्तरं. दाखले वेगवेगळ्या देशांतले आहेत, त्यामुळे एका कोर्टात टिकलेला मुद्दा दुसरीकडे टिकेलच असं समजू नका. माणसं अडचणीत येतात ती रीत मात्र सगळीकडे सारखीच दिसते: पोस्ट लिहिलेली असते एकासाठी आणि वाचतो भलताच कोणी, कधी कधी कित्येक वर्षांनी.

अकाउंट माझं, फोन माझा, वेळही माझा. मग कंपनीचा संबंध येतोच कुठे?

संबंध कागदावर येतो. रुजू होताना ज्या गठ्ठ्यावर आपण भराभर सह्या करतो, त्यात कंपनीची आचारसंहिताही असते. तिच्यात 'कंपनीच्या प्रतिमेला बाधा आणणारं वर्तन' असा एक ऐसपैस शब्दप्रयोग सापडतो. ऑफिस सुटलं म्हणून तो सुटत नाही.

दुसरा गैरसमज अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती असो की भारतीय राज्यघटनेचं कलम १९, त्यांचा मूळ रोख सरकारवर आहे. खासगी कंपनीला ते कलम दाखवून गेलेली नोकरी परत मिळवणं फार अवघड.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेत एक महिला सायकल चालवत असताना राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या गाड्यांचा ताफा शेजारून गेला आणि तिने मधलं बोट दाखवलं. वृत्तछायाचित्रकाराने टिपलेला फोटो पाठमोरा होता, चेहरा दिसत नव्हता. तिने तोच फोटो स्वतःच्या प्रोफाइलला लावला, ऑफिसला आपण होऊन कळवलंही, आणि सरकारी कंत्राटं घेणाऱ्या तिच्या कंपनीने तिला काढून टाकलं. बेकायदा बडतर्फीचा तिचा दावा कोर्टात टिकला नाही. पुढे २०१९ मध्ये ती व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीच्या मंडळावर निवडून आली, पण असा पुढचा अध्याय सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

नोकरी देण्याआधी कंपन्या खरंच प्रोफाइल बघतात का?

बघतात, आणि तीन वेगवेगळ्या वाटांनी. रिक्रूटर नाव टाकून शोधतो, ही पहिली. दुसरी वाट जास्त निसरडी आहे: ज्याच्या हाताखाली तुम्ही काम करणार, तो मॅनेजर रात्री घरी बसून सहज चाळतो. याची कुठेही नोंद होत नाही. तिसरी वाट बॅकग्राउंड चेक करणाऱ्या एजन्सीची. अमेरिकेत या एजन्सींना तरी थोडी वेसण आहे. सोशल मीडिया तपासून अहवाल देणाऱ्यांनाही पतमाहिती अहवालांचाच कायदा लागू होतो, हे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने २०११ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे उमेदवाराची परवानगी घ्यायची, अहवालामुळे नाकारणार असाल तर त्याला प्रत द्यायची आणि चूक दाखवायची संधी द्यायची. घरी बसून चाळणाऱ्या मॅनेजरला यातलं काहीच आड येत नाही, म्हणून मला एजन्सीपेक्षा त्याची भीती जास्त वाटते.

बघितल्याने फरक पडतो का? कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या ४,००० हून अधिक नोकऱ्यांसाठी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज पाठवले. पात्रता तीच, अर्जात धर्माचा उल्लेख नाही. तो फक्त सोशल मीडिया प्रोफाइलवर दिसत होता. रिपब्लिकन पक्षाचं वर्चस्व असलेल्या भागांत मुस्लिम उमेदवाराला मुलाखतीची बोलावणी ख्रिस्ती उमेदवारापेक्षा लक्षणीय कमी आली. मुलाखतीत जे विचारायला कायद्याने बंदी आहे, ते प्रोफाइल विनासायास सांगून टाकतं. आणि एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही.

ज्या कंपन्या हे काम नीट करतात, तिथे निवड करणारा माणूस प्रोफाइल बघतच नाही. दुसराच कोणी बघतो आणि धर्म, गरोदरपण, आजार, कुटुंब हे सगळं वगळून फक्त कामाशी संबंधित बाब पुढे पाठवतो. तुम्ही स्वतः नेमणुका करत असाल तर एवढं तरी करा.

पोस्टमुळेच नाकारलं, हे मला कळणार कसं?

बहुतेक वेळा कळत नाही. 'सध्या आम्ही दुसऱ्या उमेदवारासोबत पुढे जात आहोत' एवढाच ईमेल येतो. युरोपीय संघात तुमच्याबद्दल कंपनीने काय माहिती साठवली आहे ती मागण्याचा हक्क आहे, आणि नाकारलेल्या उमेदवारालाही तो वापरता येतो. पण मनात ठेवलेल्या मताची प्रत मिळत नाही.

मी वाईटसाईट काहीच लिहीत नाही. मग काळजी कशाची?

या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक सल्ले शिवीगाळ, दारूचे फोटो आणि राजकारण यांच्यापाशीच संपतात. खरा धोका निरुपद्रवी पोस्टच्या बेरजेत असतो.

केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ५८,००० स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइकचा अभ्यास प्रसिद्ध केला. लिहिलेला मजकूर त्यांनी पाहिलाच नव्हता, फक्त लाइक पाहिले होते. तेवढ्यावरून पुरुष समलिंगी आहे की नाही हे ८८ टक्के, आणि माणूस डेमोक्रॅट की रिपब्लिकन हे ८५ टक्के अचूकतेने ओळखता आलं. ज्या पानांचे लाइक उपयोगी पडले, त्यातल्या पुष्कळ पानांचा त्या विषयाशी वरवर काही संबंध नव्हता. आपण काय सांगितलं आणि समोरच्याला काय कळलं, यात एवढं अंतर असतं.

रोजच्या आयुष्यात हे असं घडतं. एका आजाराच्या मदतगटात तुम्ही प्रश्न विचारता आणि गटाची सदस्ययादी उघडी असते. पळण्याचं अ‍ॅप रोजचा मार्ग नकाशावर टाकतं आणि त्यावरून घर, ऑफिस आणि सकाळी घर किती वाजता रिकामं असतं हे कळतं. (स्ट्राव्हा या अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळांच्या आतल्या वाटा दिसतात, हे जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं. सैन्याला जे सावरता आलं नाही, ते आपल्याला सहज जमेल असं कशाला धरून चालायचं?) रजेच्या दिवशीचा फोटो, मध्यरात्री २ वाजता टाकलेली कॉमेंट आणि सकाळी ९ वाजता चुकलेली मीटिंग, हे तिन्ही एकत्र ठेवणारा कोणी असेल तर त्याला आयती गोष्ट मिळते.

गोष्ट खरीच असते असंही नाही. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात नैराश्यामुळे दीर्घ रजेवर असलेल्या एका महिलेचा आजारपणाचा विमाभत्ता बंद झाला. विमा कंपनीने फेसबुकवरच्या तिच्या हसऱ्या फोटोंचा हवाला दिला, असं तिने २००९ मध्ये सांगितलं. सहलीला जा, मन रमव, असं तिला डॉक्टरांनीच सुचवलं होतं. हसरा फोटो आणि बरा झालेला माणूस यांचा हा बादरायण संबंध, पण तो जोडणाऱ्याच्या हातात पैसे थांबवायची ताकद होती.

प्रोफाइल प्रायव्हेट केली की झालं ना?

करा, आजच करा. पण त्याने काय साधतं ते ओळखून करा. सेटिंगमुळे अनोळखी माणूस बाहेर राहतो. ओळखीचा आतच असतो, आणि स्क्रीनशॉट घेणारा जवळपास नेहमी ओळखीचाच निघतो.

न्यूझीलंडमध्ये एका महिलेने आधीच्या नोकरीतल्या मालकांना शिवी लिहिलेला केक बनवला आणि त्याचा फोटो फेसबुकवर टाकला, फक्त मित्रांना दिसेल असा. जुन्या कंपनीने आपल्या एका कनिष्ठ कर्मचारी मुलीवर दबाव आणून तिच्या अकाउंटमधून तो फोटो मिळवला, स्क्रीनशॉट काढला आणि नोकऱ्या देणाऱ्या एजन्सींना पाठवून 'हिला घेऊ नका' असं कळवलं. नव्या मालकावरही दबाव आणला. २०१५ मध्ये मानवी हक्क न्यायाधिकरणाने कंपनीला १,६८,००० न्यूझीलंड डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. निकाल उत्तम लागला, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

कायदाही इथे देशागणिक वेगळा आहे. युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण गटाने २०१७ मध्ये सांगितलं की प्रोफाइल सगळ्यांना दिसते एवढ्यावरून मालकाला तिच्यातली माहिती वापरायची मोकळीक मिळत नाही. कामाशी संबंध आणि कायदेशीर आधार दोन्ही लागतात. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच्या उलट टोकाला आहे. तुम्ही स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही, आणि कायद्यात दिलेलं उदाहरणही सोशल मीडियावर आपली माहिती उघड करणाऱ्या ब्लॉगलेखिकेचं आहे. भारतातल्या वाचकाच्या दृष्टीने 'पब्लिक' हे बटण म्हणूनच फार महाग पडू शकतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं बोलणं तरी खासगी धरतात का?

कधी धरतात, कधी नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्रकरणात एका महिलेने फेसबुकच्या बंद गटात मालकाबद्दल अपशब्द वापरले होते. गटात १४ जण होते आणि आत यायला तिची परवानगी लागत होती. न्यायालयाने ते खासगी संभाषण मानलं. उलट स्कॉटलंडमध्ये २०२० साली पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे द्वेषपूर्ण मेसेज शिस्तभंगाच्या चौकशीत वापरायला न्यायालयाने मुभा दिली. पोलिसाला ज्या आचारसंहितेने बांधलं आहे ती पाहता असे मेसेज खासगी राहतील अशी अपेक्षा त्याला ठेवता येत नाही, असा न्यायालयाचा सूर होता.

दोन्ही निकालांतून एवढं हाती लागतं की गटाचा आकार, आत येण्यावरचं नियंत्रण आणि तुमचं पद, या तिन्हींना वजन आहे. ऑफिसच्या २०० जणांच्या ग्रुपला खासगी म्हणायचं धाडस करू नका. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोयही स्क्रीनशॉटपुढे हतबल असते.

मी काही लिहिलं नाही, नुसतं लाइक केलं. तेही धरतात?

धरतात. तुर्कीत शिक्षण मंत्रालयाच्या एका कंत्राटी कर्मचारी महिलेला फेसबुकवरच्या दुसऱ्यांच्या पोस्ट लाइक केल्याबद्दल काढलं गेलं. २०२१ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला: लाइक करणं आणि मजकूर स्वतः पसरवणं यांचं वजन सारखं नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका शेरीफच्या (निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाच्या) कर्मचाऱ्यांनी निवडणुकीत त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं पान लाइक केलं होतं. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने लाइकला अभिव्यक्ती मानून संरक्षण दिलं. दोन्हीकडे माणसं जिंकली, पण आधी नोकरी गेली आणि मग वर्षांनी न्याय मिळाला, हा क्रम विसरू नका. एक्सवर जून २०२४ पासून इतरांचे लाइक दिसत नाहीत. बाकी ठिकाणी बहुतेक दिसतात.

टोपणनावाने लिहिलं तर?

ऑस्ट्रेलियात इमिग्रेशन खात्यातली एक अधिकारी टोपणनावाने ट्विटरवर आपल्याच खात्याच्या धोरणांवर टीका करत असे. ट्विट ९,००० हून जास्त, बहुतेक स्वतःच्या वेळेत आणि स्वतःच्या फोनवरून. ओळख पटली आणि नोकरी गेली. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी वैध ठरवली. निनावी लिहिणारा केव्हाही उघडा पडू शकतो आणि पडला की खात्याची निःपक्षपाती प्रतिमा डागाळते, असा तो युक्तिवाद.

ओळख पटते कशी? बहुधा तंत्रज्ञानाने नाही, सवयीने. ठरावीक म्हणी, तीच शुद्धलेखनाची चूक, ऑफिसमध्ये फक्त ५ जणांना माहीत असलेली घटना. त्यात फोन नंबर देऊन अकाउंट उघडलं असेल आणि सहकाऱ्याने आपली संपर्कयादी अ‍ॅपला दिली असेल, तर 'तुमच्या ओळखीचे' म्हणून अ‍ॅपच तुमचं टोपणनाव त्याच्यासमोर आणून ठेवतं. वेगळा ईमेल, नंबर न जोडणं आणि ऑफिसबद्दल चकार शब्द नाही, एवढं पाळणार असाल तरच टोपणनावाला अर्थ आहे.

पगार, बॉस, कामाचे तास याबद्दल लिहिलं तर?

इथे बहुतेक लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. आणि जिथे घाबरायला हवं तिथे घाबरत नाहीत.

अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार संबंध कायद्याखाली कर्मचाऱ्यांनी मिळून कामाच्या परिस्थितीबद्दल बोलणं संरक्षित आहे, युनियन असो वा नसो, चहाच्या टेबलावर असो वा फेसबुकवर. एका बारमधल्या कर्मचाऱ्यांनी पगारातून कापलेल्या करावरून मालकाला फेसबुकवर शिव्या घातल्या. त्यातल्या एकाने तर फक्त लाइक केलं होतं. दोघांना काढलं, पण कामगार मंडळाने आणि नंतर २०१५ मध्ये अपील न्यायालयाने कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. संरक्षण 'आपल्या सगळ्यांच्या' तक्रारीला असतं. एकट्याने काढलेल्या गरळीला बहुधा नसतं. आणि गिऱ्हाइकांना नावं ठेवणं हे तर वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं. त्याला कोणताच कायदा पाठीशी घालत नाही.

घाबरायला हवं ते कंपनीच्या आतल्या माहितीबद्दल. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या वित्तप्रमुखाने ट्विट केलं की संचालक मंडळाची बैठक झाली, आकडे चांगले आहेत, मंडळ खूश आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल अजून जाहीर व्हायचे होते. त्याला जावं लागलं. ट्विटमध्ये ना शिवी होती, ना राजकारण, ना कुणाची निंदा.

फोटोची पार्श्वभूमीही बघा. २०१२ मध्ये ब्रिटिश हवाई दलात काम करणाऱ्या प्रिन्स विल्यम यांच्या दिनक्रमाचे फोटो प्रसिद्ध झाले आणि मागच्या भिंतीवर पासवर्ड वाचता येत होते. ते बदलावे लागले. पहिल्या दिवशीच्या उत्साहात टाकलेल्या सेल्फीत ओळखपत्राचा क्रमांक, फळ्यावरची योजना, उघडा लॅपटॉप हे सगळं तसंच येतं.

'मतं वैयक्तिक आहेत' असं बायोत लिहिलं आहे. उपयोग?

फारसा नाही. तुम्ही कंपनीच्या वतीने बोलत नाही एवढं त्यातून कळतं. त्याच बायोत कंपनीचं नाव असेल तर वाचणारा ते नावच लक्षात ठेवतो.

दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टचं काय?

जून २०२१ मध्ये इंग्लंडचा गोलंदाज ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळत होता. पहिल्याच दिवशी त्याचे २०१२ आणि नंतरचे वर्णद्वेषी व स्त्रीद्वेष्टे ट्विट बाहेर आले. सामन्यात त्याने ७ बळी घेतले आणि सामना संपताच त्याला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निलंबित केलं. पुढे ८ सामन्यांची बंदी आली, त्यातली ५ सामन्यांची स्थगित, शिवाय दंड. ट्विट लिहिले तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. प्रसिद्धी किंवा बढती मिळते त्याच दिवशी कोणीतरी मागे खणायला बसतं. कारण तोवर खणण्यात कुणाला रस नसतो.

खणणारे नेहमी न्यायासाठी खणतात असं नाही. दिग्दर्शक जेम्स गन यांचे दशकभर जुने घाणेरडे विनोद राजकीय विरोधकांनी मुद्दाम उकरून काढले, जुलै २०१८ मध्ये डिस्नेने त्यांना काढलं आणि मार्च २०१९ मध्ये परत घेतल्याचं जाहीर झालं. सहकलाकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. पंचविशीतल्या सामान्य नोकरदाराच्या मागे कोण उभं राहणार?

म्हणून साफसफाई. स्वतःचं नाव, जुनी टोपणनावं, जुने ईमेल ब्राउझरच्या खासगी खिडकीत शोधा. फेसबुकच्या सेटिंगमध्ये सगळ्या जुन्या पोस्ट एकदम 'फक्त मित्र' करता येतात, आणि जुन्या पोस्ट एकगठ्ठा लपवण्याची किंवा टाकून देण्याची सोय २०२० पासून आहे. आधी स्वतःच्या डेटाची प्रत उतरवून घ्या, त्यात विसरलेल्या कॉमेंटही सापडतात. पान काढून टाकल्यावरही गूगलच्या शोधात जुना मजकूर दिसत असेल तर कालबाह्य निकाल हटवण्याची विनंती करता येते. इंटरनेट अर्काइव्हमध्ये (जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संग्रहात) किंवा कुणाच्या फोनमध्ये राहिलेली प्रत मात्र तुमच्या हातात नाही.

मग सगळंच डिलीट करून टाकलं तर?

शांततेच्या काळात खुशाल करा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम ३० दिवस थांबतात, मग अकाउंट पुसायला घेतात, हे धरून वेळ ठेवा. पण चौकशी किंवा खटला सुरू झाला असेल, किंवा होणार हे दिसत असेल, तर एका पोस्टलाही वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका. व्हर्जिनियात एका अपघाताच्या खटल्यात वकिलाच्या सांगण्यावरून अशिलाने फेसबुकवरचे फोटो काढून टाकले. पुरावा नष्ट केल्याबद्दल दोघांना मिळून ७ लाख डॉलरहून जास्त दंड झाला. फोटो तसाच ठेवला असता तर तेवढं नुकसान झालं नसतं.

माझं मत विचाराल तर रिकामी प्रोफाइल हा काही आदर्श नाही. काही क्षेत्रांत तर ती शंका उत्पन्न करते. कामाबद्दल दोन शब्द असलेली, बाकी बंद असलेली प्रोफाइल पुरे.

मुलाखतीत पासवर्ड मागितला तर? आणि मॅनेजरची फ्रेंड रिक्वेस्ट?

पासवर्ड देऊ नका. अमेरिकेत अशी मागणी करायला बंदी घालणारं पहिलं राज्य मेरीलँड, २०१२ मध्ये. नंतर अनेक राज्यांनी तसे कायदे केले. कायदा नसेल तिथे 'माझ्या अकाउंटमध्ये इतरांचेही खासगी मेसेज आहेत, ते उघडायचा मला अधिकार नाही' हे उत्तर पुरेसं सभ्य आणि पुरेसं खरं आहे.

मॅनेजरची रिक्वेस्ट लटकत ठेवणं अवघड जातं हे मान्य. एकतर 'इथे फक्त घरचे लोक आहेत' म्हणून लिंक्डइनवर जोडून घ्या, नाहीतर स्वीकारून मर्यादित यादीत टाका. एकाला घेऊन दुसऱ्याला नाकारलं की ऑफिसात त्याची चर्चा होते, तेव्हा सगळ्यांना एकच नियम लावा.

कंपनीचा लॅपटॉप ही वेगळी बाब. रोमानियातल्या एका अभियंत्याला ऑफिसच्या मेसेंजरवर खासगी बोलल्याबद्दल काढलं होतं. २०१७ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की नजर ठेवायची तर आधी सांगा, किती आणि कशासाठी ते स्पष्ट करा. तुमच्या कंपनीने बहुधा ते कुठल्यातरी धोरणात सांगूनच ठेवलं असेल. तेव्हा त्या यंत्रावर खासगी अकाउंट उघडूच नका.

सरकारी नोकरीत नियम वेगळे असतात का?

कडक असतात, पण संरक्षणही जास्त असतं. भारतात केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नववा नियम सरकारच्या धोरणांवर जाहीर टीका करायला मनाई करतो, आणि तो सोशल मीडियालाही लावला जातो. तरी त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये एका सरकारी कर्मचारी महिलेवरची फेसबुक पोस्टसंदर्भातली कारवाई रद्द करताना म्हटलं की नोकरीत आला म्हणून माणसाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही. धोरणावर टीका आणि नागरिक म्हणून मत यांच्यातली रेषा पुसट आहे, आणि ती ओलांडली की नाही हे ठरवणारा वरिष्ठ आधी भेटतो, न्यायाधीश फार नंतर.

परदेशी नोकरीच्या व्हिसासाठीही बघतात का?

अमेरिका तर अर्जातच विचारते. २०१९ पासून मागच्या ५ वर्षांत वापरलेल्या अकाउंटची नावं द्यावी लागतात. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आणि डिसेंबर २०२५ मध्ये एच-१बी (नोकरीचा व्हिसा) व एच-४ (त्या नोकरदाराच्या कुटुंबीयांचा व्हिसा) च्या अर्जदारांना प्रोफाइल सगळ्यांना दिसेल अशी ठेवायला सांगितलं गेलं. अर्जात अकाउंट लपवणं हे पोस्टपेक्षा मोठं प्रकरण होऊ शकतं.

मी नाही, दुसऱ्यानेच माझा फोटो टाकून टॅग केलं. किंवा माझ्या नावाचा दुसराच माणूस आहे.

टॅग आधी तपासायची सोय चालू करा आणि टाकणाऱ्याला सरळ सांगा. बहुतेक लोक ऐकतात. नावाच्या गोंधळावर उपाय एकच: अर्जात स्वतःच्या लिंक्डइनचा दुवा द्या, म्हणजे शोधणाऱ्याला योग्य माणूस सापडतो. तुमचं नाव फार प्रचलित असेल तर मुलाखतीतच हसत सांगून टाका. तोतया अकाउंट असेल तर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपा, आणि एचआरला दुसऱ्याकडून कळायच्या आत तुम्ही कळवा.

आज सकाळीच एचआरचा ईमेल आला आहे. आता काय करू?

पहिल्या तासात काहीही नवं पोस्ट करू नका, खुलासाही नाही. मूळ पोस्ट, तिच्याखालच्या कॉमेंट, तारीख, ती किती जणांना दिसत होती ती सेटिंग, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. संदर्भ कापून फिरणाऱ्या तुकड्याला उत्तर देताना हेच उपयोगी पडतं. ऑफिसच्या ईमेलवरून मित्रांशी याबद्दल बोलू नका. नेमक्या कोणत्या धोरणाचं कोणतं कलम मोडलं हे लेखी विचारा, आणि तुमचं म्हणणंही लेखीच द्या. अशाच प्रकारात इतरांना काय शिक्षा झाली होती हे माहीत असेल तर ते नोंदवा. शिक्षा कृतीच्या प्रमाणात आहे का, हा प्रश्न बहुतेक न्यायालयांना महत्त्वाचा वाटतो. युनियन असेल तर प्रतिनिधीला बैठकीला न्या.

चूक झाली असेल तर माफी छोटी आणि थेट असू द्या. 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हे शब्द टाळा, ते वाचून लोक आणखी चिडतात.

लढायचं की तडजोड करायची, हा निर्णय मात्र हिशोबाने घ्या. ब्रिटनमध्ये एका गृहनिर्माण संस्थेने आपल्या व्यवस्थापकाला समलिंगी विवाहाबद्दलच्या फेसबुक टिप्पणीवरून पदावनत केलं. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने तो कराराचा भंग ठरवला, आणि दाव्याच्या तांत्रिक मर्यादेमुळे भरपाई मिळाली १०० पौंडांहूनही कमी. राजीनामा मागितला तर तिथल्या तिथे सही करू नका. विचार करायला वेळ मागा, थकलेला पगार आणि रजेचे पैसे लेखी ठरवा, आणि अनुभवपत्रात कारण काय लिहिणार हे सही करण्याआधी वाचून घ्या.